नाहीवर नाही

पहिल्या थपडीनं उर्वशीचं कानातलं तुटून पडलं. दुसरीनं ती दाराच्या चौकटीवर आदळली.

"कोणासंगं पळून राहिली तू? बोल!" थोरला भाऊ वीरेंद्र ओरडला. त्याच्या मुठीत तिचाच मोबाइल होता. पडद्यावर तिनं सकाळी मैत्रिणीला पाठवलेली ओळ होती : आय एन्ट गोइंग नोव्हेअर.

"कुठंच नाही, दादा! तेच तं लिहिलं..."

"शिकवतं का मले? एन्ट म्हणजे नाही. नोव्हेअर म्हणजे बी नाही. दोन नाही मिळून होय होते. इंग्रजीत शाळेतून पयला होतो मी!"

त्यानं कमरेचा पट्टा ओढला.

उर्वशी दोन वर्षांपासून सौंसरात घरीच बसून अमेरिकेतल्या एका दुकानाच्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायची. ती माणसं अर्धे शब्द गिळून टाकत. गॉना, वॉना, एन्ट. नाहीवर नाही चढवत, म्हणजे नकार आणखी पक्का. तिच्याही बोटांना तेच वळण लागलं होतं. हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि पट्ट्याचं बक्कल नेमकं ओठावर बसलं. आई मध्ये पडली, तर त्यानं तिला भिंतीवर ढकललं. आतल्या खोलीत वडील नत्थूजी होते. बोरगावच्या बगीच्यात संत्र्याच्या झाडावरून पडल्यापासून त्यांचे पाय गेलेले. "सोड तिले, सोड!" म्हणत ते पलंगावर वाटी आपटत होते.

तेवढ्यात त्याच्या हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर.

"हाच का तो?" वीरेंद्रनं स्पीकर लावून फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"उर्वशी, तृप्ती बोलतेय," मुलीचा आवाज आला. "तुझा मेसेज वाचला. बाबांना सोडून कुठंच जाणार नाहीस, समजलं मला. पण आपल्या पुण्याच्या ऑफिसातली जागा सर आजच भरताहेत. शेवटचं विचारते गं. दुसऱ्या कोणाला द्यायची का?"

वीरेंद्रचा वर गेलेला हात तसाच राहिला. त्यानं फोनकडे पाहिलं, मग बहिणीकडे. पट्टा हळूच खाली आला. आतली वाटीही थांबली.

उर्वशीनं तोंडातलं रक्त थुंकलं.

"नको देऊ, तृप्ती," ती म्हणाली. "मी येऊन राहिली."