एकही कुसळ नाही

चार महिने मी मळमड्डीत लीलाक्कांकडे लोकर कातायला शिकले. लोकर निवडायची, पिंजायची, टकळीवर कातायची, मग कांद्याच्या सालींत रंगवायची. दुपार कशी सरायची कळायचंच नाही. पण मी कितीही निवडली तरी लोकरीत गवताची कुसळं राहायचीच, आणि विणलेलं अंगाला टोचायचं.

शिकणाऱ्यांच्या कामाचं प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा मी गुपचूप दुर्गदबैलच्या बाजारातून त्याच रंगाची तयार लोकर आणली. तिचा स्वेटर विणला आणि वर चिठ्ठी लावली, ‘स्वतः कातलेली, स्वतः रंगवलेली’.

लीलाक्कांना हल्ली फारसं दिसत नाही. प्रदर्शनात त्यांनी स्वेटर हातात घेतला, बोटांनी चाचपला, गालाला लावला.

“एकही कुसळ नाही गं, वेदश्री! भारी छलो झालाय,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीही हसले.

 

आज सकाळी बेल वाजली. दारात लीलाक्का, रिक्षा करून एकट्याच आलेल्या, काखेत न निवडलेल्या लोकरीचं गाठोडं.

“पन्नास वर्षं कातत्ये, पण एवढी स्वच्छ लोकर मला कधी निवडता आली नाही. तेवढं शिकव बाई मला.”