अव्वाचा नवस

धोंडीराम पोस्टमननं सायकलवरूनच मान हलवली आणि तो पुढच्या गल्लीकडं वळला. आजही काही नाही.

गुरुलिंग तरी त्याच्यामागं कोपऱ्यापर्यंत गेलाच. पिशवीच्या तळाशी एखादं पाकीट हमखास राहून जातं, असं अलीकडं त्याचं ठाम मत झालं होतं.

"अरे बाबा, कानपूरचं पत्र आलं तर मी घंटी वाजवत येतो की!" धोंडीराम म्हणाला. "ऊन बघ जरा. जा घरी."

सोलापूरचा मे महिना. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. गुरुलिंगच्या पायांत चपला होत्या, आणि नेमकी तीच गोष्ट त्याला टोचत होती. त्याची आई, शरणम्मा, गेले तीन महिने अनवाणी चालत होती.

गणितात एम.एस्सी. झाल्यावर गुरुलिंगनं कानपूरला कॉम्प्युटरच्या एम.टेक.साठी अर्ज केला होता. कॉम्प्युटर त्यानं पाहिला होता तो फक्त मासिकातल्या फोटोत. कपाटाएवढं यंत्र आणि शेजारी टाय लावलेला माणूस. त्या माणसाच्या जागी स्वतःला उभं करून बघायचं त्याला वेडच लागलं होतं. जेवताना घास हातात धरून तो कुठंतरी बघत बसायचा.

अर्ज पोस्टात पडला त्याच संध्याकाळी शरणम्मानं चपला काढून दारामागं ठेवल्या आणि ती सिद्धेश्वराला जाऊन आली. नवस फळेपर्यंत अनवाणी, एवढंच तिनं सांगितलं.

"काय मागितलंस, अव्वा?"

"मागितलेलं बोलून दाखवलं की फळत न्हाई."

बाळीवेशीतल्या त्या गल्लीत कुणाला विचारायची गरजही नव्हती. एकुलता एक मुलगा, तोही बाप नसलेला. आई दुसरं काय मागणार? बायका तिच्या पायांकडं बघून हळहळायच्या आणि घरी जाऊन आपापल्या पोरांना बोल लावायच्या. शेजारच्या काशम्मानं तेवढं एकदा विचारलं, "आणि देवानं न्हाई ऐकलं तर गं?"

"तर मग जन्मभर अशीच चालंन की," शरणम्मा म्हणाली.

हे कानावर पडलं आणि गुरुलिंगची झोप उडाली. आता प्रश्न एका जागेचा राहिला नव्हता. आपण नापास झालो तर आई मरेपर्यंत चटके खात फिरणार. त्याचं कशात म्हणून मन लागेना. पुस्तक उघडायचा, मिटायचा, उठून दारात जायचा.

धीर यायचा तो काशम्माच्या घराकडं बघून. तिचा शिवयोगी त्याच कानपूरला शिकला आणि तिथून थेट अमेरिकेला गेला. त्याच्या पैशातून आलेला फ्रीज म्हणजे सगळ्या गल्लीचा अभिमान. काशम्मा जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून गार पाणी पाजायची. फ्रीजमध्ये पाण्याशिवाय दुसरं काही नसायचंच. एकट्या बाईला लागतं किती? शरणम्मा रोज संध्याकाळी तिच्याकडं जाऊन बसायची. मागच्या वर्षी काशम्माचा नवरा, रेवणप्पा, गेला तेव्हा शिवयोगीची तार आली होती आणि माती पुतण्यानं दिली. एवढ्या लांबून येणार तरी कसा, असं सगळेच म्हणाले. गुरुलिंगही म्हणाला होता.

एप्रिलात मुंबईला मुलाखत झाली. शरणम्मानं स्वतः शर्टाला इस्त्री केली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. तो परत आला तेव्हा ती दारातच होती.

"बरी झाली का रं?"

"लई चांगली झाली, अव्वा! साहेब लोक खूश होते."

शरणम्मा थोडा वेळ उंबऱ्याशी बसून राहिली. मग तिनं पदर खोचला आणि भर दुपारी पुन्हा देवळाची वाट धरली. आली ती तळव्यांना फोड घेऊनच. गुरुलिंगनं तिचे पाय मांडीवर घेतले आणि कोकमतेल चोळायला बसला. चोळता चोळता त्याला रडूच कोसळलं.

"पुरे की आता, अव्वा. होणार हाय माझं."

तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "तू अभ्यास लई केलास, पोरा," एवढंच म्हणाली.

आणि एका शुक्रवारी गल्लीत खरोखरच घंटी वाजली.

गुरुलिंगनं पाकीट उन्हात उभ्या उभ्याच फोडलं. पहिली ओळ वाचली. पुढच्या वाचल्याच नाहीत. त्याची निवड झालेली नव्हती.

तो घरी गेला नाही. तळ्याच्या काठानं भटकत राहिला. देऊळ समोर दिसत होतं, तिकडं बघवेना. टायवाला माणूस गेला तो गेला. पण आईला सांगायचं कोणत्या तोंडानं?

दिवे लागल्यावर तो घरी आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"न्हाई झालं, अव्वा."

शरणम्माच्या हातातली परात तशीच राहिली. मग ती जवळ आली, त्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्याबरोबर रडली. खरंखुरं रडली.

"तुझा नवस वाया..."

"जेव आधी," ती म्हणाली. "सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुझ्या."

त्या दिवशी तिनं त्याला लहानपणासारखं हातानं भरवलं.

सकाळी तो जागा झाला तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. हातातल्या पिशवीत नारळ होते.

"सिद्धेश्वराला जाऊन येते. भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन घे."

तिचे पाय बघायची हिंमत नव्हती, म्हणून त्यानं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. ती दारापर्यंत गेली, पण बाहेर पडल्याची चाहूल लागेना. बराच वेळ झाला तशी त्यानं मान वळवली.

उंबऱ्यावर बसून शरणम्मा पदरानं चपलांवरची धूळ पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं त्या खाली ठेवल्या आणि एकेक करून पायांत घातल्या.