तासाला अर्धा लिटर

शाळेच्या 'पाणी वाचवा' प्रकल्पासाठी सातवीतली एक मुलगी दर शनिवारी घरोघरी गळक्या नळाखाली मापटं धरायची. नळ दुरुस्त झाला की ते घर यादीतून बाद. लाजेकाजेस्तव महिन्याभरात सगळ्यांचे नळ सुधारले. एकट्या राहणाऱ्या आजोबांचा तेवढा उरला.

"आजोबा, तासाला अर्धा लिटर. म्हणजे दिवसाला बारा. काहीच कसं वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं गं. पण प्लंबर मिळायला नको? आणि दहा मिनिटांत कसला हिशेब करतेस? तासभर बसून नीट मोज."

पुढच्या शनिवारी ती प्लंबरलाच घेऊन आली. आजोबांना पाहून तो दारातच थबकला. मग त्याने नळ खोलला. आतला वायसर नवा कोरा होता, ब्लेडने बेताची चीर दिलेला.

"वस्ताद," तो हळूच म्हणाला, "मला पाना धरायला तुम्हीच शिकवलंत."

आजोबा मापट्याकडे बघत राहिले.

प्लंबरने तोच वायसर परत बसवला.

"हा नळ काही एवढ्यात दुरुस्त व्हायचा नाही," तो मुलीला म्हणाला. "तू येत जा मोजायला."