उत्तर द्यायचं नाही

"अजून एक आहे, बघा. खिशाच्या शिवणीत," परिचारिका म्हणाली.

कॉलरच्या दोन आणि बाहीची एक, अशा तीन टाचण्या आधीच काढून झाल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अंगावर टाचण्या कुठेकुठे निघतील याचा नेम नसतो, आणि आतल्या एमआरआयच्या यंत्रात तर भलंमोठं लोहचुंबक. "बाई, तुम्हाला आत सोडायचं म्हणजे जिवावरचं काम," परिचारिका हसली. शिवणवालीही हसली, आणि तिने खिसे पुन्हा एकदा चाचपून पाहिले.

धाकटा भाऊ बाहेर बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. चौदा वर्षं त्याला तपासायला ती आणायची आणि बाकावर ती बसायची. आज उलटं झालं म्हणून स्वारी खुशीत होती. "आज तुझा नंबर, ताई. जा, मी बसलोय इथे," तो म्हणाला होता.

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं समजावलं होतं. भावाला आहे तशा, नसलेले आवाज ऐकू येण्याच्या आजारात मेंदूतल्या काही रसायनांचं प्रमाण वेगळं असतं का, आणि त्यांच्या निरोगी भावंडांतही तसंच दिसतं का, एवढंच तपासायचं होतं. कुणाचं किती निघालं ते कुणालाच सांगणार नव्हते. "तुम्ही ठणठणीत आहात, म्हणून तर बोलावलं," असंही त्या म्हणाल्या. भावाला पहिला आवाज ऐकू आला तेव्हा तोही ठणठणीतच होता. भर दुपारी, सायकल पुसताना.

परिचारिकेने तिला आडवं केलं, कानांवर जाड गाद्या बसवल्या, एका हातात रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा, म्हणाली. आत बोलण्यासाठी स्पीकर आहे, हे सांगायचं राहून गेलं. परिचारिकेला वाटलं टेक्निशियनने सांगितलं असेल, टेक्निशियनला वाटलं परिचारिकेने सांगितलं असेल.

यंत्र ठोके घालू लागलं. मग थांबलं.

"ठीक आहात ना, ताई?" पुरुषाचा आवाज होता, अगदी कानाशी.

घरचा नियम तिनेच भावाला शिकवला होता. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला उत्तर द्यायचं नाही, गुपचूप एक बोट मिटायचं. उत्तर दिलं की तो ठाण मांडून बसतो. तिने मोकळ्या हाताचा अंगठा मिटला.

"दहाच मिनिटं राहिली."

दुसरं बोट.

"ताई, ऐकू येतंय का?"

तिसरं. पुन्हा ठोके सुरू झाले. तिचे डोळे गच्च मिटलेले होते, आणि कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं. ठोक्यांच्या आतून कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई." तिने चौथं मिटलं. फुगा दाबायचं तिला सुचलंच नाही.

यंत्र मध्येच बंद पडलं, फळी बाहेर सरकली. वर एका तरुण माणसाचा घाबरलेला चेहरा होता.

"अहो, उत्तर का देत नाही? मी केवढा घाबरलो! स्पीकरवरून हाका मारतोय तुम्हाला."

"तुम्ही होतात?"

"मग कोण असणार?"

ती हसायलाच लागली. हसता हसता हुंदका आला. त्याने खांद्याला आधार देऊन तिला उठवून बसवलं, पाणी दिलं. तिने पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"किती वेळा बोललात?"

"तीनदा," तो म्हणाला. तिचा चेहरा पाहून चाचरला. "चारदाही असेल. असलं कोण मोजतं, ताई?"

तो पेला घ्यायला वाकला, तशी तिने त्याची बाही धरली.

"नीट आठवून सांगा."