दुखवट्याचा पट

बेसेने खेळांचं कपाट आवरलं. लुडो, सापशिडी हाताशी ठेवली. कवड्यांचा पट मात्र स्टुलावर चढून पार वरच्या फळीवर टाकला. बुगिस या दर्यावर्दी लोकांच्या घरात तो पट कुणी गेल्यावर, दुखवट्यातच खेळतात. आणि समुद्रावरून न परतलेला तिचा नवरा, बासो, तिच्या लेखी अजून जिवंत होता.

तरी रोज सकाळी पट खाली चटईवर मांडलेला असायचा.

शेवटी ती सासूवर कडाडली, "आई, पोटच्या पोराचा दुखवटा मांडायला हात कसे धजावतात तुमचे?"

"माझा हात पोचतो का गं तिथं? या गुडघ्यांनी स्टुलावर चढू?" सासू पटाशी येऊन बसली. "स्टुलावाचून त्या फळीला फक्त बासोचा हात लागायचा. बस समोर. किती दिवस एकट्यानंच मांडायचा त्यानं?"