कंपनीचं मन

"याबाबतीत कंपनीचं मन अगदी साफ आहे," असं खाण कंपनीचे व्हिटलॉकसाहेब गावच्या सभेत इंग्रजीत म्हणाले आणि दुभाषी ऐला एकदम अडली.

सकाळपासून तिची जीभ कशी सरसर चालली होती. खाण वाढवायची, तिचं सांडपाणी तळ्यात सोडायचं, माशाच्या खवल्यालाही धक्का लागणार नाही, सगळं तिने गावाला फिनिशमध्ये सांगितलं होतं. एवढं वाक्य झालं की लोक हात वर करून कौल देणार होते. ऐला याच गावची. पहिल्या रांगेत तिचा बाप तोइवो बसला होता. यंदा त्याच्या जाळ्यात मासळीपेक्षा गाळच जास्त आला होता. पण दुभाष्याने पदरचा शब्द घालायचा नसतो. कंपनी तिला पगार त्याचाच देत होती.

"काय गं पोरी, घशात काटा अडकला का?" बापाने विचारलं. लोक हसले.

"बाबा, हे आपल्या भाषेत बसतच नाही." मग साहेबांकडे वळून तिने इंग्रजीत विचारलं, "कुणाचं मन?"

"कंपनीचं. सांगितलं ना!"

साहेबांचंही तसं चुकलं नव्हतं. मन म्हणून ते इंग्रजीत 'कॉन्शन्स' म्हणाले होते, आणि त्या शब्दाच्या मुळाशी चारचौघांनी मिळून जाणणं आहे. तिथे कंपनीचंही मन खपून जातं. फिनिश शब्द मात्र इथल्या माणसांसारखाच हट्टी. ओमातुन्तो. ज्याचं त्याला स्वतःला आतून जाणवतं ते. त्यात भागीदारी चालत नाही.

"आमच्याकडे ते एकेका माणसालाच असतं, साहेब. कुणाचं साफ आहे त्याचं नाव द्या, लगेच सांगते."

हेच तिने गावालाही सांगितलं. सभा गप्प झाली. आणि फिनलंडची माणसं गप्प बसली की भल्याभल्यांना घाम फुटतो! कुणी कॉफीच्या कपालाही हात लावला नाही. सगळे नुसते कंपनीच्या टेबलाकडे बघत राहिले.

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने इंजिनिअरकडे. इंजिनिअर खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागला. 'माझं' एवढासा शब्द, पण कुणाच्या तोंडून निघेना.

"उद्यापासून तुला काम नाही," साहेब दातओठ खात म्हणाले.

ऐलाची नोकरी गेली. पण आज ती अजून दुभाषी होती. तेही वाक्य तिने जसंच्या तसं गावाला सांगितलं.

तेव्हा टेबलाच्या टोकाला खुर्ची सरकली. कंपनीसाठी पाणी तपासणाऱ्या डेन्बीबाई उठल्या होत्या. त्यांचा आवाज गावाने अजून ऐकलाही नव्हता.

"माझं नाव सांग, ऐला. मार्गरेट डेन्बी. मी तपासलेलं पाणी या तळ्याचं नव्हतंच. माझं मन साफ नव्हतं." त्यांनी मोठा श्वास घेतला. "आत्ता झालं."

ऐला गावाकडे वळली. तिने शब्दन्‌शब्द सांगितला.

कौल हात वर करून द्यायचा होता. हात एकानेही वर केला नाही. तिचा बाप गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि खणखणीत म्हणाला, "तोइवो हाताक्का. माझा नकार." मग मागची बाई उठली. मग तिच्या शेजारचा. सगळं गाव उठलं, एकेक करून, आपापलं नाव घेत.