निळी वायर

“पोट फाडण्याआधी एवढंच सांगा, वाचेल ना?” घड्याळकाकांनी विचारलं.

पेशंट टेबलावर होता. पिवळट पडलेला, ट्रंकेएवढा कॉम्प्युटर. त्यातली सिस्टिम इतकी म्हातारी, की बनवणाऱ्यांनीही तिची आशा सोडली होती. लेकीनं पाठवलेले फोटोसुद्धा आताशा त्यावर उघडत नव्हते, म्हणून लेकीनंच परगावाहून फोन करून या कॉम्प्युटरवाल्या बाईला धाडलं होतं. जुन्या यंत्रांत नव्या सिस्टिम घालणं हा हिचा धंदा. घरात पाऊल टाकताच काकांनी हिचं नाव डॉक्टरीणबाई ठेवून टाकलं.

“यंत्र वाचेल,” ती म्हणाली. “तुमचा बुद्धिबळाचा खेळ नव्या सिस्टिमवर चालेल का, ते बघावं लागेल.”

“खेळ गेला तर नुसतं यंत्र काय चाटायचंय?”

काका हसत म्हणाले. बायको गेली, नजर अधू झाली, घड्याळं दुरुस्त करणं सुटलं. रोज यंत्रासमोर बसून एक डाव खेळायचा, एवढ्यावरच त्यांचा दिवस उभा होता.

आधी एक डाव खेळून दाखवा, असं ती म्हणाली आणि बघता बघता चाटच पडली. असले जुने खेळ तिनं ढिगानं पाहिले होते. सगळे पाठ केल्यासारखे खेळायचे. याची तऱ्हाच वेगळी. यानं पहिल्याच खेळीला घोडा बाहेर काढला. मग विचार करत बसलं. काकांनी हत्ती मारला तेव्हा बराच वेळ गप्प राहिलं आणि रागारागानं प्यादं पुढे ढकललं. रागारागानं हा शब्द यंत्राला लागत नाही हे तिला कळत होतं, पण दुसरा शब्द सुचेना.

“एवढ्याशा मेमरीत हे बसतं कसं?”

“मोठं जिद्दी आहे,” काका म्हणाले. “गेल्या थंडीत मात्र बिचाऱ्याला बरं नव्हतं. बावळटासारखं खेळत होतं. मग मीच वजीर फुकट दिला. आजारी माणसाला हरवू नये.”

“माणसाला?”

“यंत्राला हो. म्हाताऱ्याची जीभ, घसरते.”

ती कामाला लागली. सगळं आधी दुसरीकडे उतरवून घेतलं, वायरी काढल्या, पंख्यातली धूळ फुंकली. मग हलकी नवी सिस्टिम घातली आणि तिच्या पोटात जुनी सिस्टिम जशीच्या तशी बसवली, म्हणजे खेळाला घर बदलल्यासारखं वाटू नये. काका बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालाव्यात तशा येरझाऱ्या घालत होते.

वायरी परत लावताना एक निळी वायर उरली. तिचं दुसरं टोक टेबलामागच्या भिंतीत शिरत होतं आणि भोक चुन्यानं लिंपलेलं होतं. जी वायर कुठे जात नाही ती लावायची नाही, हा तिचा नियम. तिनं ती बाजूला सारली.

“ती निळी लावा हो,” काका पटकन म्हणाले.

“ही भिंतीत जाते, काका. पलीकडे कोण आहे?”

“कोणी नाही. पण असू द्या. जागेवर असलेली बरी.”

तिनं हसून वायर लावली. फोटो उघडले, नात पडद्यावर दात काढून हसली. खेळही उघडला, पण पटाच्या जागी एक ओळ आली: समोर खेळाडू नाही.

काकांनी पडद्याला नाक लावून ती ओळ दोनदा वाचली.

यंत्राशी खेळायला समोर खेळाडू कशाला हवा? ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग निळ्या वायरीकडे.

“जरा बाहेरून वायर बघून येते,” ती म्हणाली. कुठली, ते काकांनी विचारलं नाही.

कोपरा वळून तिनं भिंतीपलीकडच्या घराचं दार वाजवलं. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याचं नाक काकांचंच होतं. कपाळावर घड्याळजीचं भिंग होतं. मागे टेबलावर तसलाच पिवळट कॉम्प्युटर, आणि पडद्यावर तीच ओळ.

“तिकडे बंद पडलंय का?” म्हाताऱ्यानं विचारलं. “धाकटा बरा आहे ना?”

“काका बरे आहेत,” ती म्हणाली. म्हाताऱ्यानं तिला आत बसवलं. घड्याळांचं दुकान दोघा भावांचं होतं, तेव्हा ही दोन यंत्रं या वायरीनं जोडली होती. मग एका गिऱ्हाइकाच्या घड्याळावरून वाजलं आणि दुकानाच्या मधोमध भिंत आली. दोघांमध्ये विस्तव जाईना. वायर ओढून काढायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

“एक दिवस इकडे पट उघडला आणि समोरून प्यादं हललं,” तो म्हणाला. “त्याला वाटतं, तो यंत्राशी खेळतो. वाटू द्या. गेल्या थंडीत तापानं फणफणलो होतो, तरी डाव चुकवला नाही. जिंकलोसुद्धा.” मग त्यानं तिचा हात धरला. “समोर मी आहे हे त्याला सांगू नका, बाई. पट उधळून लावेल.”

तिनं मान हलवली. त्या यंत्राला वायरीवरून गाठायचा नंबर टिपून घेतला आणि परत येऊन काकांच्या नव्या सिस्टिमला दिला. मघाशी यंत्राचं नवल वाटलं होतं. आता त्या चुन्यातल्या भोकाकडे बघताना तिचे डोळे भरून आले.

पट उघडला. पहिली खेळी पलीकडची होती. घोडा टुणकन बाहेर आला.

“यंत्र फारच हुशार आहे, काका,” ती सांभाळून म्हणाली.

“हुशार कसलं. लहानपणापासून आधी घोडाच काढतो.” काकांनी प्यादं सरकवलं आणि आवाज खाली आणला. “मला ठाऊक आहे हे दादाला सांगू नका, बाई. पट उधळून लावेल.”